सही करायच्या आधी पन्नास तासांचा हिशेब

भावा, प्रश्न परवाच वाचला होता, पण मोबाईलवर एवढं लिहायला जमत नाही म्हणून आज कॉम्प्युटरसमोर बसलो. वयानं तू माझ्यापेक्षा बराच लहान दिसतोस, अरेतुरे करतोय, राग मानू नको.

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. हा निपाणीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, पॅटर्नची (ज्यावरून साचा करतात तो नमुना) मॉडेलं आणि ड्रॉइंग करतो. दोन वर्षं झाली. महिन्याला १२० तासांचे ४५,००० रुपये. करार संपायला पाच आठवडे आहेत आणि नवा मसुदा हातात पडलाय. रक्कम तीच, मुदत एक वर्ष, बिलाचे पैसे ६० दिवसांत. वर एक नवं कलम: करार संपल्यावरही दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या फौंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) काम घ्यायचं नाही. घरचे म्हणतात, लहान मूल आहे, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको. मित्र म्हणतात, बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत फीर, याच्या दुप्पट मिळवशील.

मी याच धंद्यात १९ वर्षं आहे. त्यातली शेवटची १३ स्वतःच्या जिवावर, बेळगावात अनगोळातल्या घराच्या वरच्या खोलीत. दोन्ही सल्ले मी ऐकलेत, दोन्ही पाळलेत आणि दोन्हीत मार खाल्लाय.

परवा मी विचारलं, खरे तास किती होतात? तू म्हणालास १७० च्या आसपास. तिथंच सगळा मामला आहे. कागदावर तुला तासाला ३७५ रुपये मिळतात. ४५,००० ला १७० नं भागलं की २६५ येतात. सॉफ्टवेअरचं लायसन, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी मिळून महिन्याला ५,००० जातात असं तूच लिहिलंयस. ते वजा केले तर २३५ राहतात.

आता मित्रांच्या सल्ल्याचा हिशेब घे. उद्यमबागेतला पॅटर्नवाला एका मध्यम पॅटर्नच्या ड्रॉइंगचे समज ५,००० देतो. तू म्हणतोस, बारा तासांचं काम, म्हणजे तासाला चारशेच्या वर. कबूल. पण तो नमुना बघायला निपाणीहून बेळगाव. तिथं गेल्यावर मालक जेवायला गेलेला. मालक आला की मशीन शॉपवाला म्हणणार, थांबा, एक माप बदललंय. काम दिल्यावर पहिला पीस ओतून होईपर्यंत बिलाचं नाव काढायचं नाही. मग पैशासाठी दोन फेऱ्या. हे सगळं धरून माझ्या वहीत असल्या कामाला १८-१९ तास पडतात. ५,००० भागिले १९, म्हणजे २६३. लायसन आणि बॅटरीचा खर्च तिथंही आहेच, आणि पेट्रोल तू अजून धरलंच नाहीस.

म्हणजे दोन्हीकडं आकडा जवळजवळ सारखाच निघतो. दुप्पट मिळतं म्हणणाऱ्या मित्रांना एकदा वही दाखवायला सांग. तुझ्या करारात दर ठीक आहे, खोट त्या पन्नास फुकटच्या तासांत आहे. ३७५ नं धरले तर ते महिन्याला १८,७५० रुपये होतात. एवढे पैसे तू दरमहा कंपनीला न बोलता परत देतोस.

ते तास कुठं जातात हे मला न विचारताही माहीत आहे. रिव्हिजन. आपल्या धंद्यात दोन जातीच्या रिव्हिजन असतात आणि आपण त्या एकाच पिशवीत टाकतो. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरतात, ते श्रिंकेज. ग्रे आयर्नच्या कास्टिंगला साधारण १ टक्का धरतात, स्टीलला २ टक्क्यांच्या आसपास. तू चुकून स्टीलच्या भागाला ग्रे आयर्नचं धरलंस आणि पीस लहान आला, तर ती तुझी चूक, रात्रभर बसून फुकट दुरुस्त कर. पण त्यांनी मोल्डिंग बॉक्सचा, म्हणजे साच्याच्या पेटीचा, साइज बदलला म्हणून तुला पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) फिरवावी लागली, कोअर प्रिंट (आतल्या पोकळीचा गाभा टेकतो त्या जागा) हलवावे लागले, रनर-रायझर (धातू साच्यात पुरवायच्या वाटा) परत बसवावे लागले, तर ते नवीन काम आहे. ते फुकट होत नाही. तरी त्यांच्या मेलमध्ये दोन्हीला एकच वाक्य असतं, ‘थोडा करेक्शन आहे, संध्याकाळपर्यंत बघा.’

हे करारात लिहून घे. लांबलचक नको, दोन ओळी पुरेत: ग्राहकाने मूळ ड्रॉइंगमध्ये किंवा प्रक्रियेत बदल केल्यामुळे होणारी दुरुस्ती तासांत धरली जाईल, आणि १२० तासांवरच्या प्रत्येक तासाला ठरलेला दर लागू राहील. माझा अनुभव असा आहे की अशा दोन ओळींनी दर वाढत नाही, पण ‘थोडे करेक्शन’ अर्ध्यावर येतात. पैसे पडणार म्हटल्यावर ते लोक बॉक्स साइज आधी ठरवून मगच मेल टाकायला शिकतात.

पाच आठवडे आहेत, त्याचा उपयोग कर. रोजचे तास एका साध्या तक्त्यात लिही: तारीख, पार्ट, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून. चौथ्या आठवड्यात तो तक्ता घेऊन फोनवर बोल. ‘परवडत नाही’ म्हणू नको, ते सगळेच म्हणतात. तक्ता पाठव आणि गप्प बस.

आता त्या नव्या कलमाबद्दल. मी वकील नव्हे, पण या एका कलमासाठी एकदा वकिलाची फी भरलीय, म्हणून सांगतो. १८७२ चा भारतीय करार कायदा आहे, त्याच्या कलम २७ प्रमाणे माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे करार संपल्यानंतर दोन वर्षं फौंड्रीचं काम करायचं नाही ही अट कोर्टात टिकणं अवघड. पण करार चालू असताना दुसऱ्याचं काम घेणार नाही असं लिहून दिलंस तर ते वेगळं, ते टिकू शकतं. त्यांची ड्रॉइंग बाहेर द्यायची नाहीत ही अट तर टिकतेच, टिकायलाच पाहिजे. ‘टिकत नाही तर सही करून टाकू की’ असं मात्र म्हणू नको. कोर्टात न टिकणाऱ्या कलमावरसुद्धा नोटीस येते आणि नोटीस आली की घरात झोप उडते. शिवाय मसुद्याच्या शेवटी बघ, वाद झाल्यास फक्त पुण्याच्या न्यायालयात असं असणार. निपाणीहून तारखेला पुण्याला किती वेळा जाशील? ते दोन वर्षांचं कलम खोडायला सांग. तू निघून जाशील ही त्यांची भीती त्यामागं आहे, म्हणजेच तुझी गरज त्यांना आहे. वाटाघाटीत हे लक्षात ठेव, तोंडानं बोलू नको.

बिलाच्या ६० दिवसांची गोष्टही अशीच. तू उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, केली आहेस का? प्रश्नात उल्लेख नाही म्हणजे नसावी. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नको. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या, लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यानुसार ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करारात त्याहून मोठी मुदत लिहिली तरी चालत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. व्याज कोण मागत बसतंय म्हणा. पण खरा लगाम दुसरीकडं आहे: २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेल्या अशा बिलाचा खर्च कंपनीला त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. तेव्हापासून मार्च उजाडला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करून विचारतात, तुमचा उद्यम नंबर काय?

सीमेवरच्या माणसाच्या फायद्याचं यात आणखी एक आहे. पैसे बुडाले तर त्या कायद्याखालची तक्रार पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेकडं (थकलेल्या बिलांचे वाद बघणारं सरकारी मंडळ) करता येते. ग्राहक पुण्याचा असो की गुडगावचा, तू कर्नाटकातून करू शकतोस. मात्र नोंदणी सही करायच्या आधी काढ. नंतर काढली की मागच्या बिलांवरून वाद घालतात.

जीएसटीचं कुणीतरी तुला घाबरवलेलं दिसतंय. ‘महाराष्ट्रात बिल करायचं तर जीएसटी नंबर लागतोच’ हे आपल्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतं. माल विकणाऱ्याचं वेगळं. तू सेवा देतोस, आणि सेवेसाठी ऑक्टोबर २०१७ पासून दुसऱ्या राज्यातला ग्राहक असला तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. तुझी उलाढाल साडेपाच लाखांच्या आत-बाहेर आहे. काही कंपन्या त्यांच्या सोयीसाठी नंबर मागतात, तो त्यांचा हट्ट. टीडीएस १० टक्के कापतात असं लिहिलंयस. तो खर्च नव्हे, रिटर्नमध्ये हिशेबाला येतो, पण कापलेले पैसे तुझ्या पॅनवर जमा दिसतात का ते आयकर पोर्टलवर आजच बघ. मागच्या वर्षाचे दिसत नसतील तर नव्या सहीआधी तो विषय काढ. सही झाली की कुणी फोन उचलत नाही.

आता माझी गोष्ट. २०१५ ते २०१९ मी एकाच कंपनीचं काम केलं, गाड्यांचे सुटे भाग करणारी, नाव नको. चार वेळा करार वाढवला. चारही वेळा शेवटच्या आठवड्यात, न वाचता. त्या चार वर्षांत उद्यमबागेतले दोघं तिघं मला अधूनमधून फोन करायचे. माझं एकच उत्तर, ‘सध्या वेळ नाही.’ २०१९ ला गाड्यांचा बाजार बसला. ऑगस्टमध्ये दोन ओळींचा मेल आला, पुढच्या महिन्यापासून काम थांबवत आहोत. तीन महिन्यांचं बिल अडकलेलं होतं, ते सुटायला आठ महिने लागले. मी त्या फोन करणाऱ्यांकडं गेलो. पहिल्याकडं माझ्या जागी एक पोरगा बसला होता, मीच त्याला एका क्लासमध्ये शिकवलं होतं. दुसरे मालक कन्नड बोलणारे, चांगले गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नोडोण री.’ बघूया. बेळगावात राहून कळतं की ‘नोडोण’ म्हणजे होय पण नव्हे, नाही पण नव्हे. मी तीन आठवडे दर दोन दिवसांनी जाऊन बसलो. शेवटी एका पंपाच्या केसिंगचं अडलेलं काम मिळालं, तेही दुसऱ्यानं बिघडवलेलं होतं म्हणून.

याउलट खानापूरकडचा माझा एक दोस्त. असाच करार, रागाच्या भरात मे महिन्यात सोडला. दोन कामं तोंडी ठरली होती, एकही आलं नाही. पावसात तिकडं दिवस दिवस लाइट नसायची. दिवाळीनंतर त्याच कंपनीकडं कमी दरात परत गेला. राग करण्यात चूक नव्हती. मे महिन्यापर्यंत त्यानं दुसरं एकही दार ठोठावलं नव्हतं, तिथं तो फसला.

म्हणून माझं मत: कर सही, पण एक वर्षाची नको, सहा महिन्यांची. ते दोन वर्षांचं कलम खोडून, रिव्हिजनच्या दोन ओळी घालून, बिलाची मुदत ४५ दिवस करून. दर वाढवायचा आग्रह या खेपेला धरू नको, चार मागण्यांत ते दर वाढवतील आणि बाकीच्या तीन गिळतील. तीनपैकी दोन मिळाल्या तरी कर. एकही मिळाली नाही तर जुन्याच अटींवर तीन महिने वाढवून माग. तेही नको म्हणाले तर समज, त्यांनी तुझ्या जागी कुणीतरी बघून ठेवलंय, आणि मग सहीनं काही वाचणार नाही.

आणि त्या सहा महिन्यांत आठवड्याचा एक दिवस बाहेरच्यासाठी राख. तू उद्यमबाग उद्यमबाग करतोयस, पण नकाशा बघ की. निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर, गोकुळ शिरगाव त्याच्या थोडं पुढं, शिरोली कोल्हापूर ओलांडलं की. एवढ्या फौंड्र्या तुझ्या उंबऱ्यावर आहेत आणि तू पाऊणशे किलोमीटर बेळगावला यायच्या गोष्टी करतोस. तिकडं कन्नडची अडचणही नाही. (तरी कन्नड शीक बाबा. सीमाप्रश्नावर इथं भांडायचं नाही मला, पण मालकाशी चार शब्द त्याच्या भाषेत बोललं की ‘नोडोण’ लवकर संपतं.)

एका गिऱ्हाइकावर सगळं घर चालवणं म्हणजे काय, हे निपाणीच्या माणसाला मी काय सांगणार? १९८१ ला शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं तंबाखू पिकवणारे हमरस्त्यावर येऊन बसले, ते भाव दुसऱ्याच्या हातात होता म्हणूनच. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचार, वखारीत माल घातल्यावर व्यापाऱ्यानं दर सांगायची वाट बघत बसणं कसं असायचं.

घरच्यांना काय सांगायचं असं शेवटी विचारलंयस. त्यांना सांग की काम सोडत नाही. तेवढंच त्यांना ऐकायचं असतं, आणि ते खरंही आहे. वहिनींना मात्र १७० तासांचा तक्ता दाखव. रात्री अकराला लॅपटॉप उघडतोस तेव्हा बाळाला घेऊन त्याच जाग्या असतात.

मसुद्याचं शेवटचं पान कंपनीचं नाव खोडून इथं टाक. करार मध्येच थांबवायला किती दिवसांची सूचना लिहिलीय, आणि ती दोन्हीकडं सारखी आहे की फक्त तुझ्याकडून, ते तू लिहिलेलं नाहीस. ते बघून मग पुढचं सांगतो.