विषाची विक्री : वही, बिल आणि लाल चौकट

प्रश्न : मिरजेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. संडास-फरशीचं ॲसिड कॅनने आणून लिटर-अर्धा लिटर विकतो. ‘रजिस्टर कुठंय?’ म्हणून तपासणीत बोलणी खाल्ली. त्यात नेमकं काय लिहायचं?

उत्तर : आधी परवाना, मग रजिस्टर. विष अधिनियम 1919 चा आहे. कोणतं द्रव्य विष धरायचं आणि ते कुणी, कसं विकायचं याचे नियम त्याखाली राज्य सरकार करतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी ॲसिडविक्रीला आणखी अटी घातल्या. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेलं प्रमाण आणि घेण्याचं कारण लिहायचं. पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र पाहिल्याशिवाय बाटली द्यायची नाही. अठरा वर्षांखालच्याला तर नाहीच, मग ‘बाबांनी पाठवलंय’ असं तो कितीही सांगू दे. साठा 15 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे जाहीर करावा लागतो. लपवलेला सापडला तर जप्ती, शिवाय 50,000 रुपयांपर्यंत दंड. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. 500 रुपयांना कोण भीक घालणार?

दुकानदार अडकतात ते बेरजेत. कॅन 35 लिटरचा, वहीत विक्री 22 लिटर आणि कॅनमध्ये उरलेत 6. मधले 7 लिटर कुणाला दिले, याला उत्तर नसतं. नावाच्या रकान्यात ‘किरकोळ’ लिहिलेलं असतं, किंवा महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने एकाच रात्री उतरवलेल्या दिसतात. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच ‘1 लिटर, संडास सफाई’ लिहून सही घ्या. आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरणं आजच बंद करा. घरातलं पोर ते सरबत समजून तोंडाला लावतं.

प्रश्न : विट्यात गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम आहे. नायट्रिक ॲसिड रोज लागतं. पोऱ्याला पाठवलं तर दुकानदार देत नाही.

उत्तर : पोऱ्या अठराच्या आतला असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे. स्वतः जा, ओळखपत्र न्या, कारण ‘सोने शुद्धीकरण’ लिहा, बिल घ्या. उरलेलं शेजारच्या गाळ्यात पैसे घेऊन दिलंत तर ती विक्री झाली, तीही बिनपरवाना.

प्रश्न : तासगावला द्राक्षबाग आहे. कृषी सेवा केंद्रवाला औषधाचं पक्कं बिल देत नाही, चिठ्ठीवर आकडा लिहितो. डब्यावरच्या रंगाचा अर्थही सांगा.

उत्तर : बागेच्या औषधांना कीटकनाशक अधिनियम 1968 आणि 1971 चे नियम लागू होतात. दुकानाच्या परवान्यात ज्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र (माल विकायला कंपनीने दिलेलं संमतीपत्र) चढवलेलं आहे, तिचाच माल तिथे विकता येतो. बिल देणं बंधनकारक आहे आणि त्यावर उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक, अंतिम तारीख हवी. फवारणीनंतर घड करपले तर तक्रार उभी राहते ती बॅच क्रमांकावर. चिठ्ठीवरच्या आकड्याला कुणी विचारत नाही. उधारी असली तरी बिल मागा. उधारीचंही बिल होतं.

तक्रारीवरून निरीक्षक दुकानातल्या त्याच बॅचचा नमुना घेतात. त्याचे तीन भाग करून सील करतात, एक भाग दुकानदाराकडे राहतो. नमुना तपासणाऱ्या सरकारी विश्लेषकाने 30 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दुकानदाराला तो मान्य नसेल तर 28 दिवसांत लेखी कळवावं लागतं. तुमचा फोडलेला डबा नमुना म्हणून चालत नाही, पण लेबलसह जपून ठेवा.

रंगाचं म्हणाल तर लेबलवर तिरक्या उभ्या चौकटीत दोन त्रिकोण असतात. खालचा बघा. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्रयोगप्राणी मरतील असं प्रमाण दर किलो वजनाला लालमध्ये 1 ते 50 मिलिग्रॅम, पिवळ्यात 51 ते 500, निळ्यात 501 ते 5,000 आणि हिरव्यात त्याहून जास्त. घोटाळा इथे होतो : ‘पॉयझन’ हा लाल शब्द लाल आणि पिवळ्या दोन्हींवर असतो, कवटी मात्र फक्त लालवर. आणि हिरवा पाहून हातमोजे काढून ठेवू नका.

प्रश्न : कवठेमहांकाळहून. ज्वारीच्या कणगीत ठेवायच्या गोळ्या दुकानदार कागदाच्या पुडीत सुट्या देतो. घ्याव्यात का?

उत्तर : नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. 3 ग्रॅमच्या 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 पासून पूर्ण बंदी आहे. बाकी माल सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त धुरीकरणवाल्यांपुरताच. हवेतल्या दमटपणाने एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि त्याला उतारा नाही. पोती माजघरात आणि माणसं शेजारी झोपलेली, अशाने जीव गेलेत. घरात पुडी असेलच तर पाण्यात किंवा मोरीत टाकू नका, पाणी लागलं की वायू झपाट्याने सुटतो. हाताळू नका, दारं-खिडक्या उघडी टाकून पोरांना बाहेर काढा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा.