जुना हंटिंग नाइफ पॉलिश करून वापरावा का?

तुम्ही विचारलंय: चामड्याच्या चकत्यांची मूठ असलेला जुना फिक्स्ड ब्लेड (न मिटणाऱ्या पात्याचा) हंटिंग नाइफ हाती आलाय, पात्यावर तांबूस डाग आहेत, पितळी गार्डवर (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी) हिरवं चढलंय. मशीनवर पॉलिश करून वापरू का, की वापरायला नवीन घेऊ?

मशीनवर कृपया देऊ नका. बफिंगच्या चाकाने पात्याच्या मुळाशी ठोकलेला शिक्का पुसट होतो, आणि चाकूचं वय बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतं. बक या अमेरिकन कंपनीच्या चाकूंवर तर 1986 पासून मॉडेल नंबरजवळ वर्षाची खूणच असते. दुसरं नुकसान पोलादाचं. धारेजवळ पातं पातळ असल्याने ते क्षणात तापतं आणि जुनं कार्बन स्टील साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरू लागतं. निळी छटा दिसली की तिथली धार यापुढे टिकणार नाही.

आधी डाग नीट बघा. करडा-निळसर आणि बोटाला न लागणारा थर म्हणजे पॅटिना; त्याला हात लावू नका. नारिंगी, बोटाला लागणारा असेल तर तो चालू गंज. त्यावर मिनरल ऑइल लावून रात्रभर ठेवा आणि 0000 नंबरच्या (सगळ्यात बारीक) स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकं पुसा. शिक्क्याची जागा सोडा. खड्डे पडले असतील तर राहू द्यात. ते सपाट करायचे म्हणजे पातंच झिजवायचं.

गार्डवरचं हिरवं म्हणजे चामड्यातल्या तेल-चरबीची पितळेतल्या तांब्याशी झालेली क्रिया. लाकडी टूथपिकने खरवडून तेलाच्या फडक्याने पुसा. चाकू म्यानात ठेवायचा नाही, त्याचंही कारण हेच चामडं: ते ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पात्याला लागून राहतात. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात देऊन चाकू वेगळा ठेवा, म्यान शेजारी.

मुठीच्या चकत्या सुकून आकसल्या की फटी दिसतात. तेलात भिजवून त्या फुगवायचा मोह आवरा. चामडं मऊ पडतं आणि मूठ हातात फिरू लागते. थोडं मेण पुरे. मुठीच्या टोकाचा धातूचा गोळा अंगठ्याने आडवा दाबून पाहा. हलला, तर ओल आतल्या टँगपर्यंत (पात्याचा मुठीत गेलेला भाग) जाते आणि गंज न दिसता वाढतो. असा चाकू जोरकस कामाला नको.

शिक्का स्पष्ट, म्यान मूळचं आणि पात्याची रुंदी शाबूत असेल, तर माझं मत: जपून ठेवा. धार लावून लावून पातं आधीच अरुंद झालं असेल तर बिनधास्त वापरा. 1000 ग्रिटच्या निसण्यावर दोन्ही बाजूंनी अंदाजे 20 अंशांत धार लावा. धारेच्या कडेला मार्करची शाई लावून दोन हात मारा: शाई फक्त धारेपासून वरच्या भागातली गेली तर पात्याची पाठ थोडी उचला, अगदी धारेच्या काठाचीच गेली तर थोडी खाली घ्या. उलट बाजूला बारीक किनार बोटाला जाणवेपर्यंत थांबू नका. नाहीतर धार आलीच नाही असं समजा.

नवीन घेणार असाल तर साडेतीन ते चार इंची ड्रॉप पॉइंट पुरतो. पात्याचा हा आकार अमेरिकन चाकू-कारागीर बॉब लव्हलेस यांनी रुजवला. टोक पाठीच्या रेषेखाली उतरलेलं असल्याने जनावराचं पोट उघडताना आतडं फुटण्याचा धोका कमी होतो. जुन्या सहा इंची क्लिप पॉइंटने (टोकाजवळ पाठ कापल्यासारखी असलेलं पातं) ते काम अवघड जातं. मात्र स्टील बघून घ्या. एस30व्ही या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम असतं आणि त्याचे कार्बाइड (कार्बनशी मिळून झालेले कठीण कण) साध्या निसण्याच्या कणांपेक्षा कठीण. धार खूप टिकते, पण गेली की डायमंड प्लेट लागते. ती नसेल तर 420एचसी स्टीलचा घ्या, लवकर बोथटतं पण साध्या दगडावर पटकन धरतं.

जुनं असो वा नवं, काम झालं की लगेच धुवा. रक्तातल्या मिठाने कार्बन स्टीलवर काही तासांतच डाग पडतात. कोरडं करा आणि खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा थेंब फिरवा. म्यान भिजलं असेल तर चाकू बाहेर काढून ते सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेकोटीजवळ चामडं आकसतं आणि शिवण ताणून तुटते.