लॅपटॉप कुलपात ठेवून मुलगा डॉक्टर होत नाही

म्हापशाच्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलेला. प्रिलिमला फिजिक्समध्ये 58. घरच्या दुकानाची बिलं आपोआप छापायला त्याने चाळीस ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला, तो मागे सतत चालू असतो. त्याने कॉम्प्युटर तापायला लागला, आणि पोरगा चार रात्री कारण शोधत बसला. वडिलांनी लॅपटॉप कपाटात घालून कुलूप लावलं. विचारतात, 'नीटसाठी एक वर्ष गॅप घेऊ का?'

गॅप कोण घेणार, तुम्ही की तो?

पत्रात बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे, नात्यातले डॉक्टर आहेत, लोक काय म्हणतील तेही आहे. मुलाला काय आवडतं ते एकाच ओळीत, तेही तक्रार म्हणून. 'हल्ली जेवतानाही बोलत नाही' असं तुम्ही लिहिता. तुमच्याच दुकानासाठी केलेलं काम कुलपात गेल्यावर त्याने बोलावं तरी काय? मार्क वाढवता येतात. मला काळजी या अबोल्याची वाटते.

'चाळीस ओळींना चार रात्री, म्हणजे डोकं चालत नाही' हे तर साफ चूक. प्रोग्रामिंगच्या धंद्यात लिहिण्याइतकाच वेळ चूक शोधण्यात जातो. तुम्ही पुरावा म्हणून त्याच्या वहीचा फोटो पाठवलात, तो नीट वाचा. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर 25 टक्के दाखवत होता. दुसरा कोणी म्हणाला असता, पाऊण मोकळा आहे की! याने लिहिलंय, 'चार कोअर, म्हणजे एक पूर्ण अडकलाय.' कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र कामकरी; चारातला एक पूर्ण गुंतला की 25 टक्केच दिसतात. मग एकेक भाग बंद करत तो लूपपाशी, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींपाशी पोचला. 'नवं बिल आलं का?' असं प्रोग्राम क्षणभरही न थांबता विचारत होता, कदंबा बसमध्ये बसल्यापासून 'पणजी आली?' विचारणाऱ्या पोरासारखा. मध्ये एका सेकंदाचा थांबा घातला आणि आकडा शून्याजवळ आला. त्याला सांगा, विचारत बसायचीही गरज नाही. फोल्डरमध्ये फाइल आली की ऑपरेटिंग सिस्टिमच कळवू शकते. पायथनची 'वॉचडॉग' लायब्ररी त्यासाठीच आहे.

वाटा नेहमीच्याच: इंजिनिअरिंगसाठी जेईई किंवा बिट्सची प्रवेश परीक्षा बिटसॅट, नाहीतर कॉम्प्युटरची पदवी बीसीए. मात्र 58 वर भागणार नाही. झुआरीनगरच्या बिट्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात प्रत्येकी किमान 60 आणि तिन्ही मिळून 75 टक्के लागतात.

लॅपटॉप आजच परत द्या. किती वेळ वापरायचा ते दोघांनी बसून ठरवा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. नीटचं उत्तर मी त्यालाच देईन.