फटकळ, परखड का तोंडाळ? भाच्याचा प्रश्न अन् पोळ्याचा मानवाईक

माझा भाचा डब्लिनला असतो, आयर्लंडात, तिथलंच नागरिकत्व घेतलंय त्यानं. परवा फोनवर म्हणे, मामा, एक शब्द सांगा बरं. २०१८ ला तिथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली तेव्हा त्यानं पीटर केसी नावाच्या धंदेवाल्या माणसाला मत दिलं होतं, अन् हे गावातल्या दोस्तांना मराठीत सांगायला गेला तर गाडी शब्दावरच अडकली. त्याचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "पद नुसतं मानाचं, माणूस कोण्याच पार्टीचा नाही, अन् तोंडाले लगाम नाही. नामधारी पदासाठी फटकळ उपऱ्याले मत देलं म्हटलं त पोट्टे हासतात, मी त्याले शिवी देल्यासारखं वाटते. मंग काय म्हनाव?"

प्रश्न चांगला आहे, कारण यातले तिन्ही शब्द खोडीचे आहेत.

पहिला 'नामधारी'. अर्थानं बरोबर, पण मराठीत नामधारी म्हटलं की खाली एक टोमणा असतोच, म्हणजे नाव याचं अन् कारभार दुसऱ्याचा, आपल्याकडं बायको सरपंच असते अन् नवरा ग्रामपंचायतीत बसतो तसं. रबर स्टॅम्प, नंदीबैल, शोभेची बाहुली, हे सगळे त्याचेच भाऊबंद. नंदीबैल तर नीट बघा, तो मान हलवतो ते मालक ढोलकं वाजवतो म्हणून. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष तसा नाही. सरकार तो चालवत नाही हे खरं, पण त्याला लोक थेट मतदान करून निवडतात, सात वर्षांसाठी, अन् एखादं विधेयक घटनेत बसत नाही असं वाटलं तर तो ते सुप्रीम कोर्टाकडं धाडू शकतो. त्याला नंदीबैल म्हणणं अन्याय आहे.

मला विचाराल तर आपल्या इकडं याला नेमका शब्द आहे अन् तो पोळ्यात आहे. पोळ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावच्या जोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहतात, पण मानवाईक, म्हणजे गावात ज्याला हा मान असतो तो, येऊन तोरण तोडेपर्यंत एकही बैल हालत नाही, मग पोळा फुटतो. मानवाईकाला गावचा कारभार नसतो, सोसायटीचं कर्ज तो वाटत नाही, पण तो नाही आला तर पोळा फुटणार कसा? पद मानाचं पण पोकळ नाही. तर भाच्या, तू 'नामधारी' सोड, 'मानाचं पद' म्हण, अन् दोस्त गावचेच असतील तर सरळ मानवाईकाची निवडणूक म्हण, एका सेकंदात समजते.

(राष्ट्रपती का राष्ट्राध्यक्ष हे विचारलं नाहीस तरी सांगतो, आपले पेपरवाले आपल्या देशाच्या माणसाला राष्ट्रपती अन् बाहेरच्याला राष्ट्राध्यक्ष लिहितात, बस एवढंच. २००७ ला प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या, अमरावतीच्या सूनबाई, तेव्हा 'बाईला पती कसं म्हणायचं' म्हणून लय चऱ्हाट झालं होतं. पती म्हणजे धनी, सेनापती सभापतीतला, तिथं कोणाचा नवरा यायचा संबंधच नाही.)

दुसरा 'उपरा'. जुन्या मराठी गावात मिरासदार अन् उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत, मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची अन् उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा, त्याला तो वारसाहक्क नाही. तो वास अजून त्या शब्दाला आहे, उपरा म्हटलं की 'तुला इथं कोणी बोलावलं' हे आत आलंच. आता निवडणुकीत दुसऱ्या मतदारसंघातून आणून उभा केला तर त्याला पार्सल म्हणतात, पण पार्सल पाठवणारी पार्टी लागते, अन् केसीला तर कोणी पाठवलंच नव्हतं. तिथं उभं राहायला वीस खासदार लागतात नाहीतर चार काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदा समज, त्यांचा ठराव लागतो, अन् हा गडी कौन्सिलांचे ठराव गोळा करून उभा राहिला. त्याला आपला साधा 'अपक्ष' पुरतो. 'बाहेरचा' म्हणशील तर तेही चालेल, पण मग कशाच्या बाहेरचा हे सांगावं लागते, गावाच्या का राजकारणाच्या.

आता तिसरा, अन् खरी गंमत इथंच आहे. बिनधास्त बोलणाऱ्या माणसाला मराठीत तटस्थ शब्द नाही. मी दोन रात्री डोकं खाजवलं, नाही सापडला. परखड, सडेतोड, रोखठोक, स्पष्टवक्ता हे सगळे बोलणाऱ्याच्या बाजूचे. फटकळ, तोंडाळ, वाचाळ, अन् आपल्याकडचे चाभरा, फाटक्या तोंडाचा, हे सगळे त्याच्या विरुद्ध. म्हणजे शब्द उचलला की तू कोणत्या बाजूचा ते समजलंच, मत गुप्त राहतच नाही. आता हा वाचाळ संस्कृतातूनच शिवी म्हणून आला, तिकडचे व्याकरणवाले सांगून गेलेत की नीट बोलतो तो वाग्मी अन् वायफळ लय बोलतो तो वाचाल, तरी 'मूकं करोति वाचालं' म्हणताना देवाचं कौतुकच चाललेलं असते. शब्दाचं असंच आहे बाप्पा.

मग निवडायचं कसं? मी बघतो की बोलणं कोणत्या दिशेनं गेलं. पुन्हा पोळ्यातच चल. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्याची गाणी, म्हणतात ना, 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव', त्यात पाटलापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची काढतात, कापसाचा भाव काढतात, अन् पाटील तिथंच उभा राहून ऐकतो अन् हासतो. ते बोलणं खालून वर जाते. त्याला परखड म्हणावं. अन् वरून खाली गेलं तर त्याला मराठीत फार चांगला शब्द आहे, तोंडसुख घेणं. सुख फक्त बोलणाऱ्याच्या तोंडाला, ऐकणाऱ्याला काही बोलायची सोय नाही.

आता केसीचं बघ. प्रचाराच्या सुरुवातीला सर्व्हेत त्याला एक-दोन टक्केच दाखवत होते. मग तो तिथल्या ट्रॅव्हलर नावाच्या भटक्या समाजावर बोलला, की यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता कशाला (ती २०१७ ला मिळाली होती), हे तर दुसऱ्याच्या जागेत तंबू ठोकणारे लोक. वरून धो धो टीका झाली, अन् मतमोजणीत निघाले २३ टक्के, दुसऱ्या नंबरवर, जिंकले ते मायकल हिगिन्स ५६ टक्क्यांच्या जवळपास. आता तू त्याला स्पष्टवक्ता म्हणशील, पेपरवाले वाचाळ म्हणतील. मी? आपल्या गावाबाहेर पालं टाकून बसलेल्या लोकांबद्दल कोणी माईकवर असं बोललं असतं तर मी त्याला परखड म्हटलं नसतं रे. तोंडसुखच म्हटलं असतं. तुला राग आला तर येऊ दे, शब्द विचारलास म्हणून सांगतो.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच घरात आहे, शेषन, ते कडक मुख्य निवडणूक आयुक्त. १९९७ ला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत के. आर. नारायणन यांच्यासमोर ते उभे राहिले, शिवसेनेनं पाठिंबा दिला होता, नारायणन यांना ९,५६,२९० मतमूल्य अन् शेषनना ५०,६३१, अनामतही गेली. पण शेषन बोलत ते मंत्र्यांना, पार्ट्यांना, म्हणजे झडतीसारखं वर. म्हणून आमच्याकडं शेषन हे सामान्यनाम झालं होतं, शाळेत एखादा मास्तर कॉपीवर कडक वागला की 'लय शेषन झाला' म्हणत, अन् त्या म्हणण्यात चीड असली तरी मान होता. फरक एवढाच की तुला तिथं थेट मत देता येते, इथं ते आमदार-खासदारांचं काम, महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, विदर्भाचे ६२ आमदार धरले तर १०,८५०, अन् तुझ्या मामाचं शून्य. अन् हो, जो दर निवडणुकीला हौसेनं उभा राहतो तो वेगळा, त्याला हिंदीनं 'धरतीपकड' हे नाव केव्हाच दिलंय, काका जोगिंदरसिंगांमुळं, तेही १९९२ ला राष्ट्रपतीपदाला उभे होते.

हे सगळं मी फोनवर सांगितलं तर भाचा जरा गप्प झाला, मग म्हणे, "मामा, मी काही त्या तंबूवाल्यायसाठी मत नोतं देलं. सगळे मोठे लोक म्हनत होते का हिगिन्सच येते, येते, त मी म्हटलं पद मानाचंच हाय, तेथ जाऊन हा काय उलटंपालटं करन, द्या याले पयली पसंती."

पसंती म्हणजे तिथं १, २, ३ असे आकडे टाकतात, आपल्या शिक्षक अन् पदवीधर मतदारसंघासारखे, शाळेतल्या लोकांना सांगायची गरज नाही.

तर अशा मताला मात्र मराठीत शब्द आहे अन् तो तुझ्या आजीच्या तोंडातला आहे. निवडून आणायसाठी नाही, वरच्याची जिरवायसाठी टाकलेलं मत. दोस्तांना सांग, मानवाईकाच्या निवडणुकीत मी जिरवायचं मत टाकलं. हासतील, पण समजतील. फक्त एखादा विचारेल की कोणाची जिरली, हिगिन्सची का तंबूवाल्यांची, त्याचं उत्तर तू शोधून ठेव.