आमच्या नाशिकच्या बास्केटबॉल क्लबचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणारा खेळाडू) सारखा जायबंदी होतो. त्याला पुढच्या मोसमात ठेवावं का?

ठेवा, पण सगळा खेळ त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका. दोन वर्षांत उजवा घोटा तीनदा मुरगळला असं तुम्ही लिहिलंय, आणि दुखणं घोट्याचं आहे म्हणूनच मी ‘ठेवा’ म्हणतोय. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला पॉइंट गार्ड स्टीफन करी २०११-१२ च्या मोसमात घोट्यापायी ६६ पैकी २६ सामनेच खेळला, दोन वर्षांत दोन शस्त्रक्रिया झाल्या. तरी त्याच्या संघाने, वॉरियर्सनी, २०१२ मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा करार केला आणि २०१५ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने कंबर आणि मांड्यांची ताकद वाढवली, घोट्यावरचा भार कमी झाला.

मी नाशिकमध्येच मुलांना शिकवतो. आपल्याकडे सराव बहुतेक सिमेंटच्या कोर्टवर, त्यात झिजलेले बूट. त्याला दुखऱ्या पायावर, डोळे मिटून अर्धा मिनिट उभं करा. पाऊल थरथरत आत-बाहेर कलंडत असेल तर घोटा अजून तयार नसण्याची शक्यता आहे, सामना खेळवू नका. तोवर दुसरा गार्ड घडवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुखणं गुडघ्याच्या लिगामेंटचं (हाडं जोडून ठेवणाऱ्या बंधाचं) असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. एनबीएचाच पॉइंट गार्ड डेरिक रोझ २०११ चा सर्वोत्तम खेळाडू होता. २०१२ मध्ये डावा गुडघा गेला, २०१३ मध्ये उजवा, आणि पूर्वीचा झपाटा परतला नाही. म्हणून करार करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा गुडघेही दाखवून घ्या.