प्रयोगशाळा ते रुग्ण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालं आहे. रुग्णांच्या उपचारांना उपयोगी पडेल असं कॅन्सर संशोधन करायचं आहे, पण मी डॉक्टर नाही. संधी आहे का? (सातारा)

उत्तर : नक्कीच आहे. टाटा मेमोरियल सेंटरचं खारघर इथलं 'ॲक्ट्रेक' हे कॅन्सर संशोधन केंद्र पाहा. तिथे रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत, पीएच.डी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे आढावा पार पडला की ४२,००० आणि वर घरभाडं.

गाइड निवडताना मात्र घाई नको. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध काढा आणि लेखकांच्या यादीत सर्जन, ऑन्कॉलॉजिस्ट किंवा पॅथॉलॉजिस्ट आहेत का ते बघा. एकही नसेल तर रुग्णांच्या रक्ताच्या, गाठीच्या नमुन्यांसाठी दारोदार फिरण्यात तुमची वर्षं जातील. नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढायला लावणारी) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवली, म्हणूनच २०२३ साली तिला मान्यता मिळण्यापर्यंत मजल गेली. एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय नमुने गोळा करता येत नाहीत, तेव्हा प्रस्ताव पहिल्याच वर्षी द्या. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं.

प्रश्न : रक्तातून गाठीचा डीएनए शोधते आहे. ज्या रुग्णांच्या गाठीत म्युटेशन (डीएनएतला बदल) आहे, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात ते सापडत नाही. किट बदलू का? (पुणे)

उत्तर : किटआधी वॉर्डातली नळी तपासा. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत रक्त रात्रभर राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए प्लाझ्मात (रक्तातल्या द्रव भागात) उतरतो आणि गाठीचा मुळातच नगण्य असलेला अंश त्यात हरवतो. हे ओळखणं सोपं आहे: प्लाझ्मातल्या मुक्त डीएनएचे तुकडे साधारण १६६ बेसपेअरचे (बेसपेअर म्हणजे डीएनएची लांबी मोजायचं एकक) असतात, बायोॲनालायझरवर (डीएनएच्या तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या यंत्रावर) हजारो बेसपेअरचे लांब तुकडे दिसले तर नमुना बिघडला आहे. असा नमुना वापरू नका.

रक्त काढल्यापासून चार तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये १,६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट बल) वेगाने दहा मिनिटं फिरवा. प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या वरचा थोडा प्लाझ्मा सोडून द्या; तोही उचलण्याचा लोभ फार महागात पडतो. उचललेला प्लाझ्मा नव्या नळीत १६,००० जीवर पुन्हा दहा मिनिटं फिरवून उणे ८० अंशांवर ठेवा. प्लाझ्मा वेगळा करण्याआधी रक्त गोठवायचं नाही. बाहेरगावचे नमुने असतील तर पेशी टिकवणाऱ्या खास नळ्या मागवा. आणि सिस्टरना विनंती करा की नळीवर नुसती तारीख नको, रक्त काढल्याची वेळही लिहा.