माथेरानची खरी लोकसंख्या किती?

प्रश्न : एका पुस्तकात माथेरानची लोकसंख्या ५,१३९ आहे, दुसऱ्यात ४,३९३. खरी कोणती? गावाचा जुना इतिहास कुठे सापडेल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही खऱ्या. पहिली २००१ च्या जनगणनेची, दुसरी २०११ ची. दहा वर्षांत ७४६ माणसं घटली, म्हणजे साडेचौदा टक्के. अंदाज हवा तर आपल्या सोलापुरात २०११ ला ९,५१,५५८ लोक होते, आणि महापालिकेत नगरसेवक १०२. एका नगरसेवकामागे सव्वानऊ हजार. अख्खं माथेरान त्याच्या निम्म्यातही बसतं!

गफलत होते ती इथे : सुट्टीतली गर्दी या आकड्यात नसते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, आणि दोन दिवस राहून गेलेला पाहुणा आपापल्या गावी मोजला गेला.

रायगड जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उघडा. गावांच्या यादीत शोधू नका, माथेरानला नगरपरिषद आहे. ‘शहर निर्देशिका’ पाहा. तिथल्या पहिल्याच तक्त्यात जुन्या जनगणनांचे आकडे एका ओळीत मिळतात.

इतिहासासाठी मात्र रायगड सोडा. १८५० मध्ये हा डोंगर हेरणारे ह्यू मॅलेट ठाण्याचे कलेक्टर होते; माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणून १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये (सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथात) ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. नेरळहून वर जाणारी झुकझुक गाडी त्यात मिळणार नाही; ती १९०७ ची, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली.